बिलाँग आणि मावशीची मेंढरं

आमच्याकडं माणसाला आधी नाव कुणी विचारत न्हाई. "कुणाचा रं तू?" असं विचारतेत. केजच्या स्टँडवर एखादं म्हातारं शेजारी येऊन टेकलं, तंबाखू मळली, की पहिला सवाल हाच. आपण बापाचं सांगायचं. बापावर न्हाई भागलं तर आज्याचं. आज्यावरबी न्हाई भागलं तर आईच्या माहेराचं. मग कुठं तरी म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडतो, "हां हां, म्हंजी तू त्या टेम्पोवाल्याचा!" अन् त्याचा जीव भांड्यात पडतो. तवर आपण म्हंजी स्टँडवर कुणीतरी इसरून गेलेली पिशवी.

तर मी केजच्या टेम्पोवाल्याचा. आई पाटोद्याकडच्या डोंगरातली, धनगराची. मी मात्र मेंढरामागं कधी गेलो न्हाई. मी शाळेत गेलो, अन् शाळेत शिकलो काय, तर आवाज काढायला. हेडमास्तरचा खोकला. शिपायाच्या चपलीची फटफट. "मांजरसुंबा, मांजरसुंबा, पुढं सरका, पुढं काय नवरी बसलीय का" म्हणणारा कंडक्टर. भंगारवाल्याच्या गाडीवरचं ते घासलेलं रेकॉर्ड. हळदीला, गणपतीत लोक मला बोलवतेत. एकदा स्टेजवर चढलो की अर्धा तास मी सोडून बाकी सगळे असतो.

कॉलेज सरलं तशी आई म्हणली, "आवाजावर पोट भरत न्हाई, इंग्रजी शीक." म्हणून स्पोकन इंग्लिशच्या क्लासला बसलो. क्लास म्हंजी खताच्या दुकानावरची खोली. खाली युरियाचा वास, वर ग्रामर. मॅडम आमच्याहून थोड्याच मोठ्या, पण आवाज असा की मागल्या बाकावरची जांभई अर्ध्यात थांबावी. त्यांचा आवाज मी दुसऱ्याच दिवशी उचलला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनीबी मला उचललं, अन् पहिल्या बाकावर आणून बसवलं.

एक दिवस त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. बिलाँग.

"ह्याचा मराठीत एक शब्द सांगा."

कुणी म्हणलं मालकीचं. कुणी म्हणलं सदस्य. मॅडम म्हणल्या, दोन्ही बरोबर, आणि दोन्ही अर्धे. हे पेन माझं आहे, तिथं बिलाँग. मी अमक्या टीममधला आहे, तिथंही बिलाँग. आणि ही खुर्ची त्या कोपऱ्यातली, इथं कुणी आणून ठेवली, तिथंही बिलाँगच. एका शब्दाच्या अंगावर तीन सदरे.

मी म्हणलं, "मॅडम, आमच्यात ह्याला नुसता 'चा' लावतेत. टेम्पोवाल्याचा. पेनला, पोराला, खुर्चीला, समद्याला एकच 'चा'."

"चहा नको, वाक्य दे," म्हणल्या. पोरं हसली. माझ्यावर कुणी विनोद करून गेलेलं मला बिलकुल खपत न्हाई, म्हणून मागून एकानं कुजबुजलेला सवाल मीच लगेच मोठ्यानं पुढं रेटला, "मॅडम, लाँग म्हंजी लांब ना? मग बिलाँग म्हंजी लांबचा पाव्हणा का?"

मॅडम हसल्या, पण उत्तर नीट दिलं. म्हणल्या, "ते लाँग हेच का, त्यावर जाणकार लोक अजून बोलतात. पण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा एक अर्थ होता, सोबत जाणं. एखाद्याला लागून असणं. पुढचा 'बि' नुसता जोर द्यायला, आपण 'पार' म्हणतो तसा. मालकी, सदस्यत्व, हे सगळं पुढं आलं. आधी फक्त सोबत जाणं." मग खडू ठेवला अन् म्हणल्या, "येताना ह्याची वाक्यं आणा. पुस्तकातली नकोत. तुमच्या घरातली आणा."

घरातली वाक्यं! आमच्या घरात टेम्पोचा हप्ता अन् आईचे टोमणे, ह्याशिवाय इंग्रजीत नेण्यासारखं काय हाय, असा इचार करत घरी आलो तर आई चपाती लाटता लाटता म्हणली, "मावशीकडं जाऊन ये चार दिस. तिची मेंढरं जायलीत."

मावशी म्हंजी आईची धाकटी बहीण. तिचा नवरा, माझा काका, मागल्या साली तापानं गेला. धट्टाकट्टा माणूस, डोंगरावरून हाक मारली तर खालच्या वस्तीतली कुत्री उठायची. तो गेल्यापासून त्याची मेंढरं त्याच्या थोरल्या भावाच्या कळपात चरत होती. त्या भावाला मी तात्या म्हणतो. आता ज्वारी निघाली होती, डोंगरावर चारा राहिला न्हवता, अन् तात्याचा कळप खाली गोदेकाठाला निघायचा होता. एकदा गेला की पावसाळ्यालाच परत.

मावशीचं म्हणणं एवढंच होतं: मपली मेंढरं मला द्या, मी हितंच ऱ्हाते, थोड्यांना ओढ्याकाठचा पाला पुरतो. मपलं म्हंजी माझं, तुपलं म्हंजी तुझं. आमच्याकडं असंच म्हणतेत.

मी मांजरसुंब्यावरून पाटोद्याची गाडी धरली, पुढं जीप. जीपमध्ये शेजारच्यानं विचारलंच, "कुणाचा रं तू?" म्हणलं, मावशीचा. तो गोंधळला अन् त्यानं तंबाखूची डबी काढली.

मावशीचं घर वस्तीच्या टोकाला. दोन पत्र्याच्या खोल्या, पुढं बाभळ, बाभळीखाली बांबूचं मोठं डालगं पालथं घातलेलं. डालग्याच्या खालून बारीक बारीक ब्यां ब्यां. मेंढ्या रानात चरायला गेल्या की त्यांची दुधपिती कोकरं घरी बायांजवळ ऱ्हातेत. डालग्याखाली झाकायची, मोकळी सोडायची, भरड्याचं पाणी पाजायचं, संध्याकाळी आया आल्या की ज्याची त्याची लावून द्यायची. वस्तीतले समदे बाप्ये मेंढरामागं अन् समद्या बाया कोकरामागं, अशी वाटणी.

मावशीनं मला बघितलं अन् म्हणली, "आलास का येड्या? लई बरं झालं. मला तोंड पाहिजेच होतं."

"कावून? तुझं कुठं गेलं?"

"मपलं हाय. पण भावजीसमोर उघडत न्हाई."

त्यांच्यात थोरल्या दिराशी भावजय समोरासमोर बोलत न्हाई. पदर पुढं ओढायचा, भिंतीकडं बघायचं, अन् मधल्या माणसाला म्हणायचं, "सांग त्यांना." मधलं माणूस नसलं तर कुत्र्याला सांगायचं. काका होता तवर तो मधला माणूस. आता तो न्हाई, म्हणून मला बोलवलेलं.

तिसऱ्या प्रहरी तात्या आला. उंच, वाळका, खांद्यावर घोंगडं. वाईट माणूस न्हवता, हे आधीच सांगतो, न्हाईतर तुमी मनात त्याला मिशा लावाल. ओट्यावर बसला, पाणी पिला. मावशी दाराआड उभी. मी मधी, उंबऱ्यावर, टेलिफोनच्या खांबासारखा.

मावशी दाराआडून, "सांग त्यांना, मपली मेंढरं वायली करून द्या."

मी, "तात्या, मावशी म्हणती तिची मेंढरं वेगळी करून द्या."

तात्या मला न्हाई, डालग्याला म्हणला, "सांग तिला, घरातलं घरात हाय. त्यात मपलं-तुपलं काय करायचं? ती आमच्या घरात भाकर खाईल, कोकरं बघंल. वायलं ऱ्हाऊन कसं जमायचं? बाईच्या मागं मेंढरू जात असतं का?"

"सांग त्यांना, जाईल का न्हाई ते मेंढरू बघंल."

"सांग तिला, बरं, वायली करू. पण कोणती तुपली, कोणती मपली? सांग म्हणावं ओळखून. कान तर सारखेच."

इथं घोडं अडलं. मेंढराच्या कानाला मालकाचा काप असतो. प्रत्येक घराचा काप वायला, कुणाचा टोकाला, कुणाचा बाजूला. पण दोघं भाऊ वाटणी होऊन कधी वायले निघालेच न्हवते, म्हणून कळप वायले चारले तरी दोघांचा काप एकच. काका गेल्यावर कळप एक झाला अन् त्यात पिलावळ वाढली. आता कुणाची कोणती, हे सांगायला कानसुद्धा साक्षीला न्हवता.

मावशीचं पोट त्या मेंढरांवरच होतं. मेंढरं रात्रभर शेतात बसवली की शेतकरी धान्य देतो. लोकर निघती, कोकरू इकता येतं. ती हाताशी राहिली तर ती आपल्या घराची मालकीण. न्हाई राहिली तर जावेच्या चुलीपुढं बसायचं, न्हाईतर माहेरी, म्हंजी आमच्याकडं केजला, अन् आमच्या दोन खोल्यांत टेम्पोची स्टेपनीसुद्धा घरात निजती. मावशी मला म्हणली, "मी कुणाकडंबी पडून ऱ्हाईन रं. पण मी हितली हाय." एवढं म्हणून ती कोकराला पाजायला गेली, जर्मनचं भगुलं घेऊन. बोटानं भगुल्यावर टिकटिक केली अन् कोकरं लोटली. मी ते बघितलं, अन् माझ्या लक्षात काहीबी आलं न्हाई. म्हणजे एवढा मोठा निरीक्षक मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी तात्याची मेंढरं अजून रात्रीच्या जाळ्याच्या कुंपणात होती. मी दात घासत उभा, अन् सवयीनं तोंड वळवळलं. काका मेंढरं हाकलायला एक हाक मारायचा. जीभ टाळूला लावून 'हर्र्र्र', मग दोन चुटक्या, मग लांब 'आऽऽव'. लहानपणी मी त्याच्या तोंडावरून ती उचलली होती. नुसता नाद म्हणून काढली.

समद्या कळपानं माना वर केल्या. रवंथ थांबली. एवढ्या माना एकदम आपल्याकडं वळल्या की कळतं, स्टेज म्हंजी काहीच न्हाई.

पाठीमागं मावशी दारात उभी. हाताला पीठ तसंच. तिनं डोळ्याला हात लावला तर पीठ डोळ्याला लागलं, मग तिनं पदरानं पुसलं. मला वाटलं, शिव्या देती. तर म्हणली, "परत काढ."

मी परत काढली. माना परत वर. पण पाय एकाचाबी हलला न्हाई. मला वाटलं, दातात मंजन हाय म्हणून.

"मला शिकव," मावशी म्हणली.

"काय करती शिकून?"

"वस्तीत रीत हाय. पाण्यावर दोन कळप एकमेकात मिसळले की मारामारी करत न्हाईत. दोघं मालक दोन बाजूला उभं ऱ्हातेत, आपापली हाक मारतेत. ज्याचं त्याच्या मागं जातं. आबांना म्हणते, असंच करा."

आबा म्हंजी तात्याचे चुलते, वस्तीतलं सगळ्यात पिकलं पान. त्यांचा शब्द म्हंजी संपलं.

मी म्हणलं, "मावशे, तू कशाला शिकती? मी मागं बसतो बाभळीआड, काकाचा आवाज काढतो. तू नुसतं तोंड हलव. गणपतीत आमी असंच करतो."

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मंजन गिळलं मी.

"मेलेल्या माणसाला कामाला लावतो का रं? अन् उद्या तू केजला गेलास, मग रोज कोण बसंल बाभळीआड? मपल्याच तोंडातून निघालं पाहिजे."

मग आमची शिकवणी सुरू. मॅडमनं मला 'थ' शिकवताना जीभ दातात धरायला लावली होती. मी मावशीला 'हर्र' शिकवताना तीच पद्धत. मावशीचं 'हर्र' म्हंजी मिक्सरमध्ये खडा. पहिल्या दिवशी कुत्रं उठून गेलं. जाऊ, म्हंजी तात्याची बायको, भिंतीपलीकडून म्हणली, "काय गं, दाढ दुखती का? लवंग देऊ?" मावशी हसून हसून खाली बसली. काका गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. त्याचं कारण तिची दाढ होती म्हणा. पण जमलं. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली तर मी डोळे झाकून ऐकली, अन् काकाची पन्नास टक्के तरी होती. मास्तर म्हणून मी स्वतःला पास केलं.

आबांनी रीत मान्य केली. तात्याबी हो म्हणला. त्याला वाटलं, वर्षभर मेंढरं माझ्या मागं चालतेत, कुठं जाणार हायत. फक्त त्यानं एक अट घातली, अन् माझ्याकडं बोट करून म्हणला, "ह्या नकलाकाराचं तोंड बंद ठेवायचं. ह्याच्या पोटात निम्मा पाटोदा तालुका हाय."

मला आयुष्यात एवढी मोठी दाद कुणी दिली न्हाई.

ज्वारी काढलेल्या मोकळ्या रानात समदी जमली. कळप मधी सोडला. तात्या एका अंगाला, मावशी दुसऱ्या अंगाला. आबा बांधावर, अन् मी आबांच्या शेजारी. आबांनी माझ्या हातात भाकर दिली, वर ठेचा. "खा. घास गिळला की दुसरा घे. तोंड रिकामं दिसलं तर काठी घालीन." ठेचा असा की हाक सोडा, माझ्या डोळ्यातून पाणी सोडून काही निघत न्हवतं.

आबांनी काठी वर केली. दोघांनी एकदम हाक मारली.

तात्यानं त्याची नेहमीची बारीक शिट्टी घातली. मावशीनं काकाची 'हर्र्र्र' काढली. खरं सांगतो, त्या दिवशी तिनं शंभर टक्के काढली. बांधावरचे दोघं-तिघं दचकले. कळपानं माना वर केल्या, मावशीकडं बघितलं.

अन् वळून तात्याकडं चालू लागला. समदा.

कोणीतरी हळूच हसलं. तात्या हसला न्हाई. त्यानं घोंगडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मावशीनं परत 'हर्र' केलं, या वेळी घसा फुटला. पुढच्या मेंढीनं मान सुद्धा वळवली न्हाई. माझ्या तोंडात भाकर, पण मला काय कळायचं ते तवा कळलं: मेंढरं काकाचा आवाज ओळखत होती. पण ती हाक मारणारं माणूस जाग्यावर न्हवतं, हेबी त्यांना कळत होतं. माझ्या मंजनाचा काही दोष न्हवता. तीन दिवस मी मावशीला जी गोष्ट शिकवली, ती शिकवायचीच न्हवती.

मावशीनं पदर नीट केला. मला वाटलं, आता घराकडं चालली. तर ती खाली बसली, जमिनीला टेकून, कोकराला पाजायला बसती तशी. येताना हातात भगुलं आणलं होतं, पाण्याला म्हणून. ते मांडीवर घेतलं. बोटानं टिकटिक केलं. अन् हाक न्हाई, काही न्हाई, घरात बोलावं तसं बोलली, "या गं बायांनो. कोण उपाशी हाय? कोण राहिलं पाजायचं?"

तात्याकडं चाललेल्या मेंढरांत मागं एक काळी मेंढी होती, लंगडी. ती थांबली. मान वळवली. मग वळली आख्खी.

"हां," आबा म्हणले, नुसतं हां.

लंगडी चालत आली अन् भगुल्यात तोंड घातलं. भगुलं रिकामं होतं. तिनं मावशीच्या पदराला तोंड पुसलं. तिच्या मागं दुसरी. मग चार-पाच एकदम. मग रानाच्या मधी कळप असा फाटला, जसं उसवलेलं पोतं फाटतं. कालवड मोठी झाली तरी ज्या दारात तिला पाजलं ते दार इसरत न्हाई, हे वस्तीतल्या पोराला सुद्धा ठाऊक हाय. पण मेंढरं म्हणलं की समद्या बाप्यांच्या डोळ्यापुढं रान अन् शिट्टी. त्या मेंढ्या एके काळी कोकरं होती, अन् तवा त्या रानात न्हवत्या, बाभळीखाली डालग्यात होत्या, हे तात्या इसरला, आबा इसरले, मी तर रोज डोळ्यानं बघत होतो. अन् खुद्द मावशीबी इसरली. तिनंबी नवऱ्याची हाक शिकायला घेतली.

समदी आली न्हाईत, हे खरं सांगितलं पाहिजे. बरीच तात्याजवळ राहिली. काही मधीच उभी राहिली, क्लासमधल्या आमच्या मागल्या बाकासारखी, इकडं बघ, तिकडं बघ. शेवटी तीबी वाटून गेली. अन् सगळ्यात शेवटी एक दांडगा एडका डुलत डुलत मावशीकडं निघाला. तो तात्याचा लाडका, त्याच्या गळ्यात लाल गोंडा.

"ए, ए! अरं, तो मपला!" तात्या ओरडला.

आबा म्हणले, "आला तिचा. रीत रीत हाय."

बांध हसला. तात्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मी भाकरीचा घास घशाखाली ढकलला. मला तात्याचं ते "ए, ए" कायमचं पाठ झालं. पण काढलं न्हाई, आबांची काठी जवळ होती.

तवा मावशी उठली. एडक्याचा गोंडा धरला. पदर पुढं होता, पण तिनं भिंत शोधली न्हाई, मला शोधलं न्हाई, कुत्र्यालाबी न्हाई. सरळ तात्याकडं बघून म्हणली, "भावजी, ह्यो तुमचा हाय. ह्याची आई बाळंतपणात गेली, तवा बाटलीनं मी पाजला. म्हणून आला. घेऊन जावा. बाकीची माझ्यासंग येतेत."

मी मधला माणूस, माझी नोकरी त्याच क्षणी गेली.

तात्यानं गोंडा हातात घेतला. मग तिलाच म्हणला, डालग्याला न्हाई, "अगं, मग तसं बोलायचं ना आधी."

"आधी मधी माणूस होतं," मावशी म्हणली.

तात्यानं आबांकडं बघितलं. आबांनी काठी खाली ठेवली. तात्या म्हणला, "आली ती तिची. नवीन काप मारायला मीच येतो सकाळी. बाईला कान धरायला जमायचं न्हाई." मग स्वतःच थांबला अन् म्हणला, "जमंल म्हणा."

मावशी कळपापुढं झाली. भगुलं काखेत. हाक मारली न्हाई, शिट्टी न्हाई, नुसती चालू लागली घराकडं, अन् कोकरांचं बोलत चालली, कोणाला उद्या भरडा द्यायचा, कोणाचं पोट फुगलंय. मेंढरं मागं. लंगडी सगळ्यात पुढं, मावशीच्या टाचेला टेकून. मी शेवटी, धुळीत, तोंडात ठेचा.

तात्याचा कळप पुढल्या दिवसांत गोदेकाठाला गेला. जाताना तात्या मावशीच्या दारात थांबला, अन् तिलाच विचारलं, "काही लागलं तर फोन करशील ना?" मावशी म्हणली, "करते. तुमीच उचला, जावेला देऊ नका, ती लवंग देती." जाऊ मागून हसली.

जायच्या आधी मी एकदा गुपचूप करून बघितलं. मावशी ओढ्यावर गेली होती. मी भगुलं घेतलं, बोटानं तशीच टिकटिक केली, तिचा आवाज काढला, "या गं बायांनो, कोण उपाशी हाय?" असा हुबेहूब की मलाच भूक लागली. लंगडीनं माझ्याकडं बघितलं. रवंथ केली. अन् शिंकली.

हळदीच्या स्टेजवर एवढा पडेल कार्यक्रम माझा कधीच झाला न्हाई. मला लई बरं वाटलं.

केजला परत आलो. क्लासमध्ये मॅडमनं विचारलं, वाक्यं आणली का? पोरांनी आणली होती. हे दुकान माझ्या बापाचं हाय, मी अमक्या मंडळाचा हाय, अशी. माझी पाळी आली. मी उभा राहिलो, अन् काय इंग्रजीत सांगावं ते जमंना, म्हणून मराठीतच सांगितलं, आपल्याच आवाजात. रान, भगुलं, लंगडी, समदं. मॅडम खडू हातात धरून ऐकत राहिल्या. मागल्या बाकावरच्यानं विचारलं, "अरं, मग शेवटी मेंढरं कुणाच्या मालकीची?"

मी म्हणलं, "कान कापून झालेत. आता मावशीच्या मालकीची. पण त्याच्या आधीपासनं तिच्या मागं होती."

मॅडमनं फळ्यावर तो शब्द परत लिहिला, अन् त्याच्या पुढं काहीच लिहिलं न्हाई.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिनं नेहमीसारखं विचारलं न्हाई की जेवलास का. म्हणली, "उद्या खालच्या पाटलाच्या रानात मेंढरं बसवायची हायत. त्यानं स्वतः येऊन इचारलं."

"काय इचारलं?"

मागं मेंढरं ओरडत होती, त्यातून तिचा आवाज आला, हसणारा. "म्हणला, 'बाई, ही मेंढरं कुणाची?'"

"मग तू काय सांगितलं?"

"काही न्हाई. मी चालू लागले. त्यानंच बघितलं."